वाळूतली एक वाट

वर्गात जगाचा नकाशा असेल तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बोट ठेवून उत्तरेकडून खाली या. न्यूयॉर्क, मग वॉशिंग्टन, त्याखाली व्हर्जिनिया आणि मग नॉर्थ कॅरोलिना. इथे किनारा समुद्रात थोडा पुढे आला आहे. त्याच्या दक्षिणेकडच्या टोकाशी केप फिअर नावाची नदी समुद्राला मिळते. तिच्या काठावर, समुद्रापासून सुमारे ४५ किलोमीटर आत, विल्मिंग्टन हे गाव आहे. शालेय नकाशात ते बहुधा सापडणारही नाही.

पण १८६४ साली या नदीच्या मुखाकडे वॉशिंग्टन, लंडन आणि मुंबई या तिन्ही शहरांचे व्यवहार या ना त्या प्रकारे बांधलेले होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्याचे अन्न, बूट, रायफली आणि दारूगोळा येण्याची शेवटची मोठी वाट याच मुखातून जात होती. इतक्या लहान जागेला इतके महत्त्व का आले, याचे उत्तर सेनापतींच्या चरित्रांपेक्षा भूगोलात आणि भौतिकीत अधिक सापडते. म्हणून ही कहाणी इतिहासाच्या तासाला सांगावी तशीच ती विज्ञानाच्या तासालाही सांगता येईल.

नाकेबंदी : कागदावरची आणि पाण्यावरची

१८६० च्या अखेरीपासून अमेरिकेतली गुलामगिरी असलेली दक्षिणेकडची राज्ये संघराज्यातून फुटू लागली. फुटलेल्या राज्यांची संख्या पुढे अकरा झाली. एप्रिल १८६१ मध्ये युद्धाला तोंड फुटले आणि १९ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. दक्षिणेत कापूस भरपूर होता, कारखाने मात्र थोडे. कापूस विकायचा आणि त्या पैशातून युरोपातून शस्त्रे आणायची, एवढाच मार्ग तिच्यापुढे होता. तो तोडणे हा नाकेबंदीचा हेतू.

जाहीर करणे सोपे होते. किनारा होता सुमारे ३,५०० मैलांचा, म्हणजे साडेपाच हजार किलोमीटरांहून अधिक. आणि उत्तरेच्या आरमारात त्या वेळी प्रत्यक्ष कामावर असलेली जहाजे चाळीसच्या आसपास. त्यात आंतरराष्ट्रीय कायद्याची एक अट आडवी येत होती. १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्यात असे ठरले होते की नाकेबंदी परिणामकारक असेल तरच ती इतर देशांवर बंधनकारक. नुसती घोषणा करून भागणार नव्हते. बंदरासमोर प्रत्यक्ष जहाजे उभी हवीत. दक्षिणेचे वकील लंडनमध्ये सांगत होते, 'आमची जहाजे रोज ये-जा करतात. ही नाकेबंदी कागदी आहे, ती मानू नका.' फेब्रुवारी १८६२ मध्ये ब्रिटिश सरकारने आपली भूमिका ठरवली : बंदरासमोर पुरेशी जहाजे उभी असतील आणि आत-बाहेर करणाऱ्याला उघड धोका असेल, तर काही जहाजे निसटली तरी नाकेबंदी ग्राह्य.

तेव्हा 'परिणामकारक' म्हणजे नेमके किती, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. त्याच्याकडे आपण पुढे वळणार आहोत.

उत्तरेने जहाजे बांधली, विकत घेतली, व्यापारी बोटींवर तोफा चढवल्या. युद्ध संपेपर्यंत आरमार सहाशेहून अधिक जहाजांचे झाले. दरम्यान एकेक बंदर बंद होत गेले. ऑगस्ट १८६१ मध्ये हॅटरस इन्लेट हे मुख उत्तरेने घेतले. एप्रिल १८६२ मध्ये न्यू ऑर्लिन्स पडले आणि त्याच महिन्यात सव्हानाचे दार बंद झाले. १८६३ च्या उत्तरार्धात चार्ल्सटनमध्ये शिरणे फार अवघड झाले. ऑगस्ट १८६४ मध्ये मोबाइलचा उपसागर गेला. विल्मिंग्टन मात्र जानेवारी १८६५ पर्यंत चालू राहिले. असे का व्हावे?

वादळाने उघडलेले मुख

या किनाऱ्यासमोर वाळूच्या लांबट, अरुंद बेटांची माळ आहे. लाटांनी किनाऱ्यालगत वाहून आणलेल्या वाळूची ही बेटे. त्यांच्या मागे खाडीचे शांत पाणी आणि पुढे उघडा समुद्र. या माळेत जिथे फट असते तिथून भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर करते. अशी फट कायमची नसते. एखादे वादळ ती उघडते, एखादे बुजवते. केप फिअर नदीला मुळात एकच मुख होते. १७६१ साली एका मोठ्या वादळात समुद्राने वाळूची पट्टी फोडली आणि नदीला दुसरे मुख मिळाले. लोकांनी त्याला सरळ 'न्यू इन्लेट', म्हणजे नवे मुख, म्हटले. पहिले झाले जुने मुख.

दोन मुखांच्या मध्ये स्मिथ नावाचे बेट, आणि त्या बेटापासून समुद्रात सुमारे ४० किलोमीटर लांबवर गेलेला वाळूचा उथळ पट्टा. याचे नाव फ्राइंग पॅन शोल्स. आता भूमितीकडे पाहा. दोन मुखांमधले सरळ अंतर अवघे दहा किलोमीटर. पण पहारा देणाऱ्या युद्धनौकेला एका मुखासमोरून दुसऱ्या मुखासमोर जायचे तर त्या उथळ पट्ट्याला वळसा घालावा लागे, आणि तो पडे सुमारे ६५ किलोमीटरांचा. एका बंदरासाठी दोन स्वतंत्र पथके ठेवणे भाग होते. १८६४ मध्ये तिथे तीसच्या आसपास जहाजे उभी असत, तरीही फटी राहत. आत असलेला कप्तान मात्र वाऱ्याचा, पाण्याचा आणि पहाऱ्याचा अंदाज घेऊन शेवटच्या क्षणी कोणत्याही मुखातून बाहेर पडू शकत होता.

दुसरी गोष्ट मुखावरच्या वाळूची. ओहोटीचे पाणी अरुंद फटीतून वेगाने बाहेर येते. उघड्या समुद्रात येताच ते पसरते, त्याचा वेग मंदावतो आणि बरोबरची वाळू खाली बसते. त्यामुळे प्रत्येक मुखाच्या बाहेर वाळूचा एक बुडालेला दांडा तयार होतो. कोकणातल्या कोणत्याही खाडीच्या तोंडाशी मचवा आणणाऱ्या तांडेलाला हे सांगावे लागत नाही. न्यू इन्लेटच्या दांड्यावर भरतीच्या वेळीही दहा-बारा फुटांच्या आसपासच पाणी असे. खोल बुडाच्या मोठ्या युद्धनौकांना आत शिरता येत नव्हते; कमी खोलीच्या बोटींना येत होते. वाळूने शत्रूला अडवले आणि मित्राला वाट दिली.

तिसरी गोष्ट लोहमार्गाची. विल्मिंग्टन समुद्रापासून इतके आत की युद्धनौकांच्या तोफा तिथे पोहोचत नव्हत्या. आणि तिथून वेल्डनमार्गे थेट व्हर्जिनियात, म्हणजे सेनापती रॉबर्ट ली यांच्या सैन्यापर्यंत, रेल्वे जात होती. बंदर कितीही सुरक्षित असले तरी उतरलेला माल पुढे नेता आला नाही तर त्याचा उपयोग काय? मुख, नदी आणि रूळ हे तिन्ही इथे एका रेषेत आले होते.

अंधार, उधाण आणि कोळसा

युरोपातून मोठी जहाजे माल आणत ती बहामातल्या नासाऊ किंवा बर्म्युडा या ब्रिटिश बंदरांपर्यंत. तिथून विल्मिंग्टन साधारण तीन दिवसांच्या वाटेवर. हा शेवटचा टप्पा खास बांधलेल्या बोटी करत. त्यातल्या कित्येक स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीच्या काठी बांधलेल्या होत्या : लांब, अरुंद, पाण्याबाहेर फारशा न दिसणाऱ्या, दोन बाजूंना वल्ह्यांची चाके असलेल्या वाफेच्या बोटी. लिव्हरपूलला बांधलेली 'बॅन्शी' तर पोलादी होती. अटलांटिक ओलांडणारे ते पहिले पोलादी जहाज मानले जाते.

या बोटींची रचना म्हणजे 'न दिसण्याचे' उपयोजित विज्ञान होते. रंग फिका करडा, कारण रात्री आणि धुक्यात काळ्यापेक्षा तो पार्श्वभूमीत अधिक मिसळतो. धुरांडी दुर्बिणीसारखी एकात एक सरकवून खाली घेता येणारी. इंधन शक्य तो अँथ्रासाइट किंवा वेल्सचा कमी धुराचा कोळसा. इंजिन थांबवताना सुटणारी वाफ पाण्याखाली सोडायची, म्हणजे तिचा फूत्कार ऐकू जात नाही. किनाऱ्याला अगदी लगटून जायचे : मागे जमिनीची काळी रेषा असल्याने बोट दिसत नाही आणि फुटणाऱ्या लाटांच्या आवाजात चाकांचा आवाज बुडतो.

वेळ आमावास्येच्या आसपासची. चांदणे नसते हे एक कारण. दुसरे कारण आपल्याकडे किनाऱ्यावरचे मूलही सांगेल : आमावास्येला उधाण असते. सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत आल्याने भरती नेहमीपेक्षा चढते आणि दांड्यावर फूट-दीड फूट पाणी अधिक मिळते. पौर्णिमेलाही उधाण असते, पण तेव्हा रात्र उजळ. अंधार आणि पाणी दोन्ही एकदम हवे असेल तर महिन्यातले थोडेच दिवस उरत. त्या रात्री किल्ल्यावरून ठरावीक दिवे लावले जात. दोन दिवे एका रेषेत दिसू लागले की कप्तानाला समजे, आपण बरोबर खोल पाण्याच्या वाटेवर आहोत.

जोखीम मोठी, तसा पैसाही मोठा. यशस्वी फेरीबद्दल कप्तानाला हजार पौंडांपर्यंत मिळत. दोन-तीन फेऱ्यांत बोटीची किंमत वसूल होई. मग ती बुडाली तरी मालक नफ्यात!

वाळूचा किल्ला

न्यू इन्लेटच्या कडेला फोर्ट फिशर होता. जुलै १८६२ मध्ये त्याचा ताबा विल्यम लॅम्ब या सव्वीस वर्षांच्या अधिकाऱ्याकडे आला. युद्धापूर्वी तो वृत्तपत्राचा संपादक होता. त्याच्यापुढे एक ताजे उदाहरण होते. एप्रिल १८६२ मध्ये सव्हानाजवळचा फोर्ट पुलास्की हा साडेसात फूट जाडीच्या विटांच्या भिंतींचा किल्ला उत्तरेच्या नव्या, नळीत आटे पाडलेल्या तोफांनी सुमारे तीस तासांत फोडला होता. अभेद्य म्हणून नावाजलेला किल्ला दीड-दोन किलोमीटरांवरून ढासळला.

लॅम्बने क्रिमियाच्या युद्धातल्या मातीच्या तटबंदीचा, विशेषतः सेव्हास्तोपोलच्या मालाकॉफ बुरुजाचा, अभ्यास केला होता. त्याने किल्ला वाळूचा बांधला. तट वीस फूट उंच आणि पंचवीस फूट जाड, वर गवताची चादर. जमिनीकडची बाजू सहाशे मीटरांहून लांब, समुद्राकडची पावणेदोन किलोमीटरांच्या आसपास, तोफा ४७.

वाळूत काय विशेष? वीट किंवा दगड कठीण असतो, पण ठिसूळ. गोळ्याच्या धक्क्याने पडलेली भेग पसरत जाते, आणि दुसरा गोळा त्याच भेगेवर काम करतो. वाळूत भेग पडायला अखंड वस्तूच नाही. गोळा शिरला की लाखो कण एकमेकांवर घासतात आणि गोळ्याची गतिज ऊर्जा घर्षणात संपते. स्फोट झाला तर वाळू उडते आणि बरीचशी पुन्हा तिथेच पडते. रात्री फावडी घेऊन खड्डा बुजवला की सकाळी तट पूर्ववत.

ती फावडी कोणाच्या हातात होती हेही सांगितले पाहिजे. किल्ला सैनिकांनी बांधला, तसाच सक्तीने आणलेल्या कृष्णवर्णीय गुलामांनीही. ज्या व्यवस्थेने त्यांना माणूस मानले नाही, तिचाच तट त्यांच्याकडून उभारून घेतला गेला.

आत काय आले, बाहेर काय गेले

बाहेर जाई मुख्यतः कापूस, दाबून घट्ट केलेल्या गाठींचा, अगदी डेकवरही रचलेला. आत येई बरेच काही. युद्धाच्या अखेरच्या टप्प्यात विल्मिंग्टन आणि चार्ल्सटन मिळून आलेल्या मालाचे सरकारी आकडे पाहा : ८६ लाख पौंड मांस, १५ लाख पौंड शिसे, १९ लाख पौंड सोरा, ५ लाख ४६ हजार बुटांचे जोड, ६९ हजार रायफली, ४३ तोफा. यातला सोरा, म्हणजे दारूचा मुख्य घटक, त्या काळी जगाला बव्हंशी बिहार-बंगालमधून मिळत असे. याशिवाय रेशीम, मद्य आणि अत्तरे येत, कारण त्यात नफा अधिक. अखेर फेब्रुवारी १८६४ मध्ये दक्षिणेच्या सरकारला चैनीच्या वस्तूंवर कायद्याने बंदी घालावी लागली.

न बोलावलेला मालही आला. ऑगस्ट १८६२ मध्ये 'केट' ही बोट नासाऊहून आली आणि तिच्याबरोबर पीतज्वर आला. विल्मिंग्टनमध्ये सहाशेहून अधिक माणसे दगावली. हा रोग डासांमुळे पसरतो हे सिद्ध व्हायला १९०० साल उजाडावे लागले. तोवर लोक हवेत डांबराचा धूर करत होते. साथ थांबली ती थंडी पडून डास मेल्यावर.

आणि त्याच सप्टेंबरात, २१ तारखेच्या रात्री, विल्मिंग्टनच्या धक्क्यावरून एक लहान होडी निघाली. तीत आठ माणसे होती, सगळे गुलाम. त्यांतला एक विल्यम गूल्ड, गिलावा आणि नक्षीकाम करणारा कारागीर. रातोरात पन्नासेक किलोमीटर वल्हवत, किल्ल्याच्या पहाऱ्याखालून ते समुद्रावर आले आणि २२ तारखेला नाकेबंदी करणाऱ्या 'केंब्रिज' या युद्धनौकेने त्यांना वर घेतले. योगायोग असा की त्याच दिवशी लिंकन यांनी गुलाममुक्तीची प्राथमिक घोषणा केली. गूल्ड आरमारात भरती झाला आणि युद्ध संपेपर्यंत रोजनिशी लिहीत राहिला. गुलाम म्हणून जगलेल्या माणसाने आरमारी सेवेत लिहिलेल्या अशा रोजनिश्या फार थोड्या आहेत. ज्या नौका दक्षिणेच्या व्यापाऱ्यांना भिंत वाटत होत्या, त्याच या आठ जणांना दार ठरल्या.

दोन हल्ले

१८६४ च्या हिवाळ्यात ली यांचे सैन्य पीटर्सबर्गच्या खंदकांत अडकले होते. विल्मिंग्टन गेले तर आपल्याला टिकाव धरता येणार नाही, असे ली यांनी लॅम्बला कळवले होते. उत्तरेनेही हेच ओळखले.

पहिल्या हल्ल्याची कल्पना विलक्षण होती. 'लुइझियाना' नावाच्या जुन्या बोटीत सुमारे २१५ टन दारू भरायची, ती किल्ल्याजवळ नेऊन उडवायची आणि धक्क्याने तट पाडायचा. २४ डिसेंबरच्या पहाटेपूर्वी ती उडाली. किल्ल्याला ओरखडाही उठला नाही. आतल्या काहींना वाटले, एखाद्या बोटीचा बॉयलर फुटला असावा. का फसले? काळी दारू बंदिस्त असली तरच जोराने फुटते. उघड्यावर तिचा बराच भाग नुसता जळतो. ठरवल्याप्रमाणे सगळी दारू एकदम पेटलीही नाही. शिवाय स्फोटाचा दाब अंतराबरोबर झपाट्याने घटतो, आणि बोट किल्ल्यापासून काही शे मीटर दूर होती. त्यानंतर आरमाराने दोन दिवसांत सुमारे वीस हजार गोळे टाकले. वाळूने ते गिळले. सेनापती बेंजामिन बटलर यांनी उतरवलेले सैन्य परत घेतले आणि पुढच्या महिन्यात त्यांना पदावरून दूर करण्यात आले.

दुसरा हल्ला १३ जानेवारी १८६५ ला सुरू झाला. डेव्हिड पोर्टर यांचे साठच्या आसपास जहाजांचे आरमार आणि आल्फ्रेड टेरी यांचे आठ हजारांहून अधिक सैन्य. या वेळी तोफखान्याने तट पाडायचा नाद सोडला. तट पडत नाही, पण तटावरच्या तोफा फुटतात, लाकडी कुंपण मोडते, पुरलेल्या सुरुंगांच्या तारा तुटतात. जहाजांनी एकेक तोफ नेमून घेतली आणि जमिनीकडच्या बाजूच्या जवळजवळ सगळ्या तोफा निकामी केल्या. १५ तारखेला दुपारी समुद्राच्या बाजूने दोन हजार खलाशांनी धाव घेतली. ती मोठ्या हानीने फसली, पण किल्ल्यातल्यांचे लक्ष तिकडे खेचले गेले आणि नदीच्या बाजूने पायदळ आत शिरले. उत्तरेकडून येऊ शकणारी कुमक अडवून धरण्याचे काम कृष्णवर्णीय सैनिकांच्या तुकड्यांकडे होते. रात्री दहाच्या सुमारास किल्ला पडला. लॅम्ब जबर जखमी झाला होता.

दिव्यांचा खेळ त्यानंतरही चालला. उत्तरेच्या अधिकाऱ्यांनी नेहमीचे दिवे तसेच लावून ठेवले. २० जानेवारीच्या रात्री 'स्टॅग' आणि 'शार्लट' या दोन बोटी त्या दिव्यांवर विसंबून आत आल्या आणि पकडल्या गेल्या. २२ फेब्रुवारीला विल्मिंग्टन पडले. ९ एप्रिलला ली यांनी शरणागती पत्करली. फोर्ट फिशर पडल्यापासून तीन महिन्यांच्या आत.

हिशेब : सत्त्याहत्तर टक्के की पाच टक्के?

आता मघाच्या प्रश्नाकडे वळू. नाकेबंदी परिणामकारक होती का?

युद्धकाळात सुमारे तीनशे वाफेच्या बोटींनी नाकेबंदी चुकवण्याचे तेराशेच्या आसपास प्रयत्न केले. त्यातले सुमारे हजार यशस्वी झाले. हजार भागिले तेराशे, म्हणजे सत्त्याहत्तर टक्के. ज्या पहाऱ्यातून चारांपैकी तिघे निसटतात त्याला पहारा कोण म्हणेल? दक्षिणेचा दावा खरा वाटतो.

पण थोडे थांबा. विद्यार्थ्यांना विचारा : एका खेपेला यशाची शक्यता ०.७७ असेल तर जाऊन येण्याची किती? ०.७७ गुणिले ०.७७, म्हणजे सुमारे ०.५९. अशा दोन फेऱ्यांची? ०.३५. तेराशे प्रयत्न तीनशे बोटींत वाटले तर एका बोटीच्या वाट्याला येतात सरासरी चारच्या थोडे वर, म्हणजे दोनच फेऱ्या. या बोटींतल्या १३६ पकडल्या गेल्या आणि ८५ नष्ट झाल्या. एकेक खेप सोपी दिसत होती. बोटीचे आयुष्य मात्र तोकडे होते.

आता दुसरे माप घेऊ. युद्धापूर्वीच्या तीन वर्षांत दक्षिणेतून सुमारे एक कोटी गाठी कापूस निर्यात झाला. युद्धाच्या अखेरच्या तीन वर्षांत सुमारे पाच लाख. म्हणजे पाच टक्के! निसटणाऱ्या बोटी मोजल्या तर नाकेबंदी चाळणीसारखी, आणि माल मोजला तर भिंतीसारखी. दोन्ही आकडे खरे आहेत. फरक असा की निसटण्यासाठी बोट लहान, हलकी आणि वेगवान असावी लागे, आणि अशा बोटीत माल थोडाच मावे. मोठी, संथ मालवाहू जहाजे यायची बंदच झाली. ती प्रयत्नच करत नव्हती, म्हणून 'अयशस्वी प्रयत्नां'च्या यादीत ती दिसत नाहीत.

न्यू इन्लेटचे महत्त्व आणि मर्यादा दोन्ही इथे समजतात. रायफली, सोरा, औषधे हा माल वजनाला हलका आणि उपयोगाला भारी. त्यावर सैन्य चार वर्षे लढू शकले. पण रुळांचे लोखंड, इंजिने, यंत्रे अशा अवजड वस्तू पुरेशा आणता आल्या नाहीत. जुने रूळ झिजत गेले, चलनाची किंमत घसरत गेली. त्या फटीतून युद्ध लांबवता आले, जिंकता आले नाही. आणि लांबलेल्या प्रत्येक महिन्याची किंमत खंदकातल्या सैनिकांनी आणि मळ्यांवरच्या गुलामांनी मोजली.

उरलेला कापूस कुठून?

ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला बराच मोठा हिस्सा युद्धापूर्वी अमेरिकेतून येई. कापूस तुटला की ब्रिटन आपल्या बाजूने उतरेल, असे दक्षिणेच्या पुढाऱ्यांना वाटत होते. १८६१ मध्ये तर त्यांनी स्वतःच निर्यात रोखून धरली. म्हणजे नाकेबंदी विरळ होती तेव्हाच माल बाहेर काढण्याची संधी घालवली. लँकेशायरच्या मजुरांवर उपासमार आली, पण ब्रिटन युद्धात उतरले नाही. याचे एक कारण साठलेला जुना माल. दुसरे इजिप्त आणि हिंदुस्थान.

१८६२ मध्ये ब्रिटनला गेलेल्या कापसात निम्म्याहून बराच अधिक हिंदुस्थानातला होता, आणि त्याचे मोठे दार होते मुंबई. गुजरात, खानदेश, वऱ्हाडातून माल येत होता. रेल्वे पुरेशी पसरलेली नसल्याने बराचसा दूरवर बैलगाड्यांनी. लँकेशायरमध्ये 'सुरती' म्हणून ओळखला जाणारा हा कापूस आखूड धाग्याचा आणि कचरा मिसळलेला असे. भेसळ इतकी वाढली की १८६३ मध्ये मुंबई सरकारला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. तरीही भाव चढत राहिले आणि पैसा मुंबईत ओतला गेला. समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या बॅक बे कंपनीचा पाच हजार रुपयांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला.

१८६५ च्या वसंतात युद्ध संपल्याच्या बातम्या आल्या आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा सौद्यांच्या पूर्ततेचा दिवस मुंबईच्या इतिहासात दिवाळखोरीचा दिवस ठरला. १८६४ मध्ये मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ मोजली गेली होती. १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ भरली.

मुख बुजले

न्यू इन्लेट आज त्या रूपात नाही. नदीचे पाणी दोन मुखांत वाटले गेल्याने जुन्या मुखातला प्रवाह मंदावला होता आणि तिथे वाळू साचत होती. पाणी एकाच वाटेने सोडले तर ते जोराने वाहील आणि आपली वाट आपण खोल करील, हे ओळखून अमेरिकी सैन्याच्या अभियंत्यांनी १८७५ ते १८८१ या काळात न्यू इन्लेट दगडांच्या बांधाने बंद केले. वादळाने एका तडाख्यात जे उघडले, ते मिटवायला माणसाला सहा वर्षे लागली. फोर्ट फिशरचा समुद्राकडचा बराच तट पुढे लाटांनी नेला. विसाव्या शतकात रस्त्यासाठी किनाऱ्यावरचा शंखशिंपल्यांचा खडक काढला गेला आणि धूप आणखी वाढली. गोळ्यांना पुरून उरलेली वाळू लाटांपुढे टिकली नाही.

१९६२ साली तिथे आणखी एक वादळ झाले आणि तळाची वाळू सरकली. १८६२ च्या जूनमध्ये किल्ल्याजवळ रुतून बुडालेली 'मॉडर्न ग्रीस' ही बोट शंभर वर्षांनी उघडी पडली. पाणबुड्यांनी तिच्यातून हजारो वस्तू वर काढल्या : रायफली, सुऱ्या, काटे-चमचे, हत्यारे. नॉर्थ कॅरोलिनात पाण्याखालच्या पुरातत्त्वाची सुरुवात तिथून झाली.

वर्गात करून पाहण्यासाठी

पसरट ट्रेमध्ये वाळूची आडवी पट्टी करा, एका बाजूला पाणी भरा आणि पट्टीला एक लहान फट पाडा. बाहेर पडणाऱ्या पाण्यासमोर वाळूचा दांडा कसा तयार होतो ते मुलांना पाहू द्या. मग दुसरी फट पाडा आणि पहिलीतल्या प्रवाहाचे काय होते ते विचारा. दुसऱ्या एका डब्यात ओली वाळू दाबून भरा, शेजारी वाळलेल्या मातीची पातळ वडी ठेवा आणि दोन्हींवर सारख्याच उंचीवरून लोखंडी गोळी सोडा.

शेवटी फळ्यावर दोन आकडे लिहा, ७७ आणि ५. दोन्ही एकाच नाकेबंदीचे आहेत एवढेच सांगा आणि कोणता आकडा काय मोजतो, हे मुलांना शोधू द्या.